विसरणं वयाचं की आजाराचं?

लोहारा तालुक्यातल्या सास्तूर परिसरातल्या वडीलधाऱ्यांना ३० सप्टेंबर १९९३चा पहाटेचा भूकंप विचारा. कुणाचा वाडा कसा ढासळला, इथपर्यंत सांगतील. "बाबांची आठवण पक्की आहे," म्हणून मुलं निर्धास्त होतात. पण स्मृतिभ्रंशात जुनं बराच काळ टिकतं, आधी जातं ते काल-परवाचं. तेव्हा सकाळी काय खाल्लं, घरी कोण येऊन गेलं, हे विचारून बघा.

पाहुण्याचं नाव ऐनवेळी सुचत नाही, तासाभराने आठवतं. चष्मा ठेवलेली जागा शोधावी लागते. हे वयाचं. पण तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा, आणि आधी विचारल्याचा पत्ताच नाही. रोजच्या शेताची वाट चुकते. जन्मभर बाजाराचा हिशेब तोंडी करणाऱ्या आईला सुटे पैसे उमगत नाहीत, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. रोजची कामं अडू लागली, हीच मोठी खूण.

"म्हातारचळ" म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, काही औषधं यांनीही विसरणं वाढतं, आणि त्यावर इलाज आहे. एक-दोन दिवसांतच माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्गानेही असं होतं.

मनात शंका असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोला. आणि आईवडिलांना चारचौघांत "एवढंही आठवत नाही का?" असं कृपा करून म्हणू नका.