माणूस एकटा कधीच नव्हता
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अर्थशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षे रॉबिन्सन क्रूसोचे उदाहरण देत आलो. निर्जन बेटावरचा एकटा माणूस आपल्या गरजा कशा भागवतो, यावरून आर्थिक व्यवहाराचे नियम समजावून द्यावयाचे, अशी आमच्या पाठ्यपुस्तकांची रीत होती. परंतु क्रूसोने फुटलेल्या जहाजातून हत्यारे, बंदुका आणि धान्य आणले होते. म्हणजे असंख्य माणसांचे श्रम त्याच्या सोबतीला होते. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली.

मानवाचा इतिहासही एकट्यापासून सुरू होत नाही. इथिओपियातील गोना येथे सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे मिळाली आहेत. दगडावर नेमक्या कोनातून आघात करून धारदार छिलका काढण्याची ही पद्धत पुढे लक्षावधी वर्षे टिकली. पाहणारे आणि शिकणारे यांचा समूह असल्याखेरीज असे ज्ञान टिकत नाही.

जॉर्जियातील द्मानिसी येथील एक कवटी सुमारे १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची आहे. त्या वृद्धाचे एक वगळता सारे दात मृत्यूच्या बऱ्याच आधी पडले होते. दातांच्या खोबणी भरून आल्या होत्या. म्हणजे दात गेल्यावरही तो जगला. दगडाने ठेचलेले मऊ अन्न आणि सोबत्यांचा आधार, या दोहोंमुळे तो जगला असावा, असा तर्क संशोधकांनी केला आहे. जगण्याच्या झगड्यात दुबळ्याला स्थान नसते, असे सांगणाऱ्यांनी या कवटीचा विचार करावा.

मात्र सहकार्यातून आपोआप समता येते, असेही समजू नका. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळविण्यासाठी पाट खोदला होता, दगडमातीचा बांध घातला होता. हे एका कुटुंबाचे काम नव्हे. पण त्याच गावात पाच खोल्यांचे एक घर सापडले आणि त्याला लागून धान्याचे कोठार. ते घर गावच्या प्रमुखाचे असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. दुष्काळात ते कोठार सर्वांसाठी उघडतही असेल. परंतु केव्हा उघडावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार बांध घालणाऱ्या सर्वांकडे राहिला नसावा.

आजचा आपला प्रश्न याहून फारसा वेगळा नाही. धरणे, बियाणे, संगणक ही सारी अनेकांच्या श्रमातून आणि संचित ज्ञानातून निर्माण झाली आहेत. म्हणून नव्या यंत्राला विरोध करणे हे आपले काम नव्हे. त्याच्या कोठारावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न गावोगावी विचारणे हे आपले काम आहे. तो विचारताना सहकार्य हा भाबडेपणा आहे, असे कोणी म्हणाले, तर त्याला द्मानिसीच्या त्या दात नसलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगा.