‘ध’चा ‘मा’ : एका जुन्या खुनाची फेरतपासणी
(हेदवी येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

आनंदीबाई पेशवे याच गुहागर तालुक्यातल्या. मळणच्या ओकांची मुलगी, राघोबादादांची दुसरी बायको. तिच्या माहेरी येऊन तिच्यावरचा नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा आरोप तपासायचा म्हणजे निकाल आधीच लिहून आणला असणार, असे कोणाला वाटले तर नवल नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, मी तिला निर्दोष ठरवायला उभा नाही. माझे म्हणणे एवढेच, की अडीचशे वर्षे आपण ज्याला या खटल्याचा निकाल समजत आलो, तो मुळात एका आरोपीचा बचाव होता.

प्रसंग सर्वांना माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद महिना. राघोबा शनिवारवाड्यातच नजरकैदेत. पगार थकल्याची ओरड करत सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ यांचे गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पळत चुलत्यांच्या दालनात गेले आणि त्यांना बिलगले. राघोबांचाच खिजमतगार तुळाजी पवार याने त्यांना ओढले, चापाजी टिळेकर या इमानी सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले, आणि दोघेही तिथेच कापले गेले. पेशवाईची वस्त्रे राघोबांना मिळाली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे चौकशीला लागले. राघोबांनी गारद्यांना लिहिलेल्या हुकुमात ‘धरावे’ होते, आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला, अशी कथा तिथून पुढे चालत आली. खाडिलकरांच्या १९०९च्या ‘भाऊबंदकी’ने आणि १९४४च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने हे सारे प्रकरण नव्या पिढ्यांच्या डोळ्यांपुढे उभे केले. आता तर ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारच झाला आहे, आणि वाक्प्रचाराची उलटतपासणी कोणी घेत नाही.

ही हकीकत सविस्तर छापली ती इंग्रज इतिहासकार ग्रँट डफने, १८२६ साली, म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी. त्याचा मजकूर नीट वाचला की एक फट दिसते. राघोबांनी रामशास्त्र्यांपाशी कबूल केले ते इतकेच, की नारायणरावांना धरण्याचा हुकूम दिला, मारण्याचा नव्हे. पुढे मूळ कागद शास्त्र्यांच्या हाती आला आणि त्यात शब्द बदललेला आढळला, असे डफ सांगतो. तो कागद मात्र तो छापत नाही, त्याचे फक्त वर्णन करतो. शब्द कोणी बदलला, या प्रश्नावर तर त्याच्याजवळ साक्षीदार नाही आणि हस्ताक्षराची तुलनाही नाही. बदल आनंदीबाईने केला असा सार्वत्रिक समज आहे, एवढेच तो लिहितो. म्हणजे खाडाखोडीला निदान कागदाचा आधार सांगितला आहे. खाडाखोड करणाऱ्या हाताला आधार आहे तो समजाचा.

आता तो शब्दच जवळून पाहू. ‘धरावे’चे ‘मारावे’ करायला नुसता ‘ध’ गिरवून भागत नाही, ‘ध’ आणि ‘र’ यांच्या मध्ये एक काना घुसवावा लागतो. मोडीत दोन शब्दांतही जागा सोडत नसत, अक्षराला अक्षर लागलेले. तिथे असा काना दडपून बसवला तर तो नजरेत येणारच. असे बेमालूम काम करण्यापेक्षा नवा कागद लिहिणे सोपे. शिवाय कागद राहिला कोणाजवळ? गारद्यांजवळ. खुनानंतर हातात ‘धरावे’ असा हुकूम सापडला असता तर तो त्यांना फास होता, ‘मारावे’ असेल तर धन्याच्या हुकुमाची ढाल. अक्षर बदलण्याची गरज आणि संधी दोन्ही त्यांच्यापाशी होती, पण त्यांच्यावर हा संशय घ्यायचे आपल्याला सुचलेच नाही. त्याचे कारण उघड आहे. पैशासाठी खून करणारा शिपाई नाटकाला पुरत नाही, महत्त्वाकांक्षी बायको पुरते.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. बाई लिहिणारी-वाचणारी होती, राजकारणात पडणारी होती, नवऱ्याची कैद तिला सलत होती. हे सगळे खरे मानू. पण यातून हेतू सिद्ध होतो, कृती नाही. आणि हेतूच पाहायचा तर वस्त्रे मिळाली नवऱ्याला. दुसरा आक्षेप तुळाजीचा. त्याला बाईनेच चिथावले, असेही डफ नोंदवतो. पण तेही ‘म्हणतात’ या सदरात, आणि तुळाजी चाकर होता राघोबांचा. तिसरा आक्षेप नेहमीचा, विस्तवाशिवाय धूर निघत नाही. इथे विस्तव कोणी लावला एवढे तरी पाहा. १७७५मध्ये याच बाईच्या पोटी जन्मलेल्या दुसऱ्या बाजीरावाच्या हातून १८१८ला राज्य गेले, आणि त्यानंतर आठच वर्षांत डफचा ग्रंथ आला. त्या काळी पुण्या-साताऱ्यात तिच्याबद्दल बरे बोलायला कोण बसले होते?

उलट खाडाखोडीची कथा बाजूला ठेवली तरी खुनाचा उलगडा अडत नाही. राज्य करणाऱ्या पेशव्याला एकदा धरल्यावर जिवंत सोडणे म्हणजे आपल्या मानेवर सुरी ठेवून घेणे, हे गारद्यांना कळत होते. राघोबांनी रदबदली करताच सुमेरसिंगाने त्यांनाही मरणाची धमकी दिली, आणि त्यांनी पुतण्याची मिठी सोडवून घेतली, असे डफच सांगतो. या वागण्यावरून त्यांना सारे ठाऊक असल्याचा संशय रास्त ठरतो, हीही त्याचीच पुस्ती. मग ‘मी फक्त धरावे म्हटले होते’ या वाक्याचा उपयोग कोणाला झाला ते दिसतेच. खुनाचा गुन्हा एका अक्षराने उतरून कैदेच्या कटाएवढा झाला, आणि उरलेला भार बायकोच्या नावावर चढला.

ज्यांनी पुरावा प्रत्यक्ष पाहिला, आरोपीला समोरासमोर विचारले आणि निकाल देऊन पुणे सोडले, त्या रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते एकट्या राघोबांना.