जेट प्रशिक्षण विमाने आणि राष्ट्राराष्ट्रांतील भागीदारी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या व्यासपीठावर लढाऊ वैमानिकांच्या शिक्षणाचा विषय कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्यांचा मुलगा वायुदलात गेला आहे त्या मातापित्यांस तसे वाटणार नाही. संथ विमानावर हात बसलेल्या तरुणास एकदम ध्वनीहून वेगवान विमानात बसविणे किती घातक आहे, हे मिग-२१ च्या अपघातांनी आपणांस दाखविले. मधल्या पायरीचे जेट विमान हवे, ही शिफारस १९८२ च्या ला फॉन्टेन समितीची. ब्रिटिश 'हॉक' विमानांचा करार होण्यास मात्र २००४ साल उजाडले!

असे विमान निर्माण करणे अतिशय खर्चाचे, आणि एकट्या देशास ते लागावयाचे थोडे. म्हणून भागीदार शोधावा लागतो व परदेशी गिऱ्हाईकही. या भागीदारीचे मर्म रशिया व इटली यांच्या उदाहरणात फार स्पष्ट दिसते.

सोव्हिएट सत्ता कोसळल्यावर याकोव्हलेव्ह या विख्यात संस्थेपाशी विद्या होती, पैसा नव्हता. इटलीच्या एरमाक्की कंपनीपाशी भांडवल होते आणि पाश्चात्य बाजारपेठेची जाण होती. १९९३ साली दोघांनी हात मिळविले; १९९६ साली त्यांचे पहिले विमान आकाशात गेले. त्याचे इंजिन स्लोव्हाकियाचे होते. परंतु रशियास हलक्या हल्ल्याचेही काम करणारे विमान हवे होते, तर इटलीचा भर पाश्चात्य उपकरणांनी सज्ज अशा प्रशिक्षण विमानावर होता. अखेर समाईक घराची वाटणी झाली. भांडण विकोपास न जाता झाली, हे विशेष! २००४ साली दोन्ही भावंडे निरनिराळी उडाली: रशियाचे याक-१३० आणि इटलीचे एम-३४६. चेहरेपट्टी मात्र एकच. अनभिज्ञास ती जुळीच वाटावीत.

पुढे अल्जीरिया, बांगलादेश यांनी याक घेतले. सिंगापूरने २०१० साली १२ आणि इस्रायलने २०१२ साली ३० एम-३४६ मागविली. एका आराखड्यावर दोघांचे संसार चालले.

तथापि खरा पेच इंजिनाचा. इटलीने अमेरिकन इंजिन बसविले. तेव्हा विमान कोणास विकावे यात अमेरिकेच्या परवान्याचा प्रश्न आलाच. रशियाने युक्रेनमध्ये आखलेले इंजिन पसंत केले, त्याचे काही भागही तेथूनच येत. २०१४ साली उभय देशांचे संबंध तुटले आणि ते इंजिन संपूर्णपणे मॉस्कोत बनविण्याची पाळी रशियावर आली. विमानाचा सांगाडा वाटून घेता येतो. इंजिनाची किल्ली ज्याच्या हाती, त्याचा शब्द अखेरचा ठरतो, असे माझे मत आहे.

आपण निराळा मार्ग धरला. २००४ च्या करारातील ६६ हॉकपैकी २४ विमाने तयार घेतली व ४२ बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये परवान्याने बांधावयाचे ठरले. त्यामुळे आपल्या कारागिरांस बांधणीची विद्या मिळाली, हे थोडे नव्हे. पण बांधणीचा परवाना म्हणजे आराखड्याची मालकी नव्हे, आणि हॉकचे इंजिन तर मुळातच ब्रिटन व फ्रान्स यांच्या भागीदारीतून जन्मलेले. आपल्या स्वतःच्या 'सितारा' विमानासही प्रथम फ्रेंच इंजिन होते, ते बदलून मागाहून रशियन बसविले. त्या अदलाबदलीत विमानाची कित्येक वर्षे खर्ची पडली.