गोंदण आणि माणसाची पारख

(सोलापूर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



२०१७ साली सोलापूरच्या एका तरुणाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात कॉन्स्टेबल-चालक या पदासाठी त्याने अर्ज केला होता. परंतु त्याच्या हातावर गोंदण होते आणि तेवढ्या कारणावरून तो अपात्र ठरला. ते गोंदण धार्मिक चिन्हाचे होते. भरतीच्या नियमांत धार्मिक चिन्हांना सवलत आहे, याची दखल घेऊन न्यायालयाने त्याच्या नियुक्तीचा विचार करण्याचा आदेश दलाला दिला.

त्या तरुणापुरता न्याय न्यायालयात झाला. पण हातावर गोंदण असलेल्या असंख्य स्त्री-पुरुषांचा निवाडा कोणत्याही न्यायालयाबाहेर रोज होत असतो. मुलगी पाहण्याच्या बैठकीत तो होतो, नोकरीच्या मुलाखतीत होतो, शाळेच्या पालकसभेत होतो, सोसायटीच्या जिन्यातही होतो. आजीच्या कपाळावरचा हिरवा ठिपका पाहून नातवाचे मित्र हसतात, तर नातवाच्या दंडावरचे चित्र पाहून शेजारी त्याला उनाड ठरवतात. दोन्ही ठिकाणी माणूस बोलण्यापूर्वीच त्याच्या कातडीची साक्ष काढली जाते. दलाचा नियम निदान कागदावर लिहिलेला असतो आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. समाजाचा हा अलिखित नियम कोठून आला, याचा विचार आज करावयाचा आहे.

आजीच्या हातावरचे वृंदावन

गोंदणाचा आपल्या समाजाला कधी तिटकारा होता, असे परंपरा सांगत नाही. सोलापूर हे तीन भाषांचे नगर आहे आणि तिन्ही भाषांत गोंदणाला घरगुती शब्द आहे. मराठी घरातले गोंदण हे कानडी घरात हच्चे होते, तर विणकरांच्या तेलुगू घरात पच्चबोट्टु, म्हणजे हिरवा ठिपका. मातृभाषा कोणतीही असो, खेड्यापाड्यातल्या जुन्या पिढीच्या स्त्रीच्या कपाळावर, हनुवटीवर वा मनगटावर ती हिरवट निळी खूण सापडतेच. कुठे तुळशीवृंदावन असते, कुठे लक्ष्मीची पावले, कुठे गोपद्म, कुठे विंचू, तर कुठे नुसतेच पाच ठिपके. पुरुषांच्या दंडावर मारुती येई, कुलदैवताचे नाव येई.

या खुणांमागे एक जीवनदृष्टी होती. सोनेनाणे, घरदार, जमीनजुमला सारे इथेच राहते, सोबत येते ते गोंदण, अशी श्रद्धा होती. ज्या घरात गुंजभर सोने नव्हते, त्या घरातील लेकीलाही हा दागिना मिळे. तो गहाण पडत नसे आणि चोराला नेता येत नसे. याहून एक गोष्ट अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. पती गेला की रूढीने स्त्रीचे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र उतरविले. पण कपाळावर गोंदलेला ठिपका मात्र कोणत्याही रूढीला पुसता आला नाही. जिच्याकडून सारे काढून घेतले गेले, तिच्याजवळ बालपणी आईने गोंदवून दिलेली ती एक खूण शेवटपर्यंत राहिली.

त्या खुणेची व्यावहारिक बाजूही होती. जत्रेत हरवलेल्या लेकराचा, परगावी गेलेल्या माणसाचा पत्ता गोंदलेल्या नावावरून लागे. आजही वृत्तपत्रात बेपत्ता व्यक्तीचे वा अनोळखी मृतदेहाचे वर्णन येते, तेव्हा ‘हातावर अमुक नाव गोंदलेले’ ही ओळ त्यात असते. सुशिक्षित वाचकाला गोंदण छापील अक्षरांत भेटते ते बहुधा एवढ्याच ठिकाणी. मग नकळत मनात सांगड बसते की गोंदण म्हणजे पोलीस, गोंदण म्हणजे दुर्दैव, गोंदण म्हणजे गावकुसाबाहेरचे कोणी. ही सांगड मात्र वृत्तपत्रांपेक्षा जुनी आहे.

कातडीवर लिहिलेला गुन्हा

ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात, १७९७ साली बंगालमध्ये केलेल्या नियमान्वये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांच्या गुन्ह्याचा तपशील गोंदला जाऊ लागला. पुढे मद्रास इलाख्यातही ही पद्धत आली. या शिक्षेला सरकारी दप्तरात ‘गोदना’ असाच शब्द होता. ज्या सुईने लेकीच्या हातावर तुळस उमटत होती, तीच सुई आता कैद्याच्या कपाळावर राजसत्तेचा शिक्का उमटवू लागली. १८४९ मध्ये ही शिक्षा बंद झाली. परंतु माणसाचे अंग हे त्याच्या अपराधाचे दप्तर आहे, ही समजूत तेवढ्याने गेली नाही.

त्यानंतर २२ वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. आता कपाळावर गोंदण्याची गरजच उरली नाही, कारण जन्म हीच खूण ठरली. अमुक जातीत जन्मला म्हणून मनुष्य संशयित मानला जाऊ लागला. त्याचे नाव नोंदवहीत चढले, बोटांचे ठसे घेतले गेले, हजेरी लागू झाली आणि गाव सोडण्यास परवाना आवश्यक झाला. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. शहरातील कापड गिरण्यांना कामगार हवे होते, तेव्हा कुंपणातील स्त्री-पुरुष गिरण्यांत जाऊ लागले. काम संपले की पुन्हा कुंपण आणि पुन्हा हजेरी. त्या भागाला आजही सोलापूरकर ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

गोंदणाच्या इतिहासात ही वसाहत का आठवावी? गावोगाव फिरून गोंदण्याचे काम प्रामुख्याने भटक्या समाजांतील स्त्रिया करीत. दक्षिणेतील कोरवा स्त्रियांची या कामातील ख्याती इंग्रज अभ्यासकांनीही नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडील कैकाडी हे त्यांचेच बांधव. टोपल्या विणणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. महाराष्ट्रातील १४ विमुक्त जातींच्या यादीत, म्हणजेच त्या काळ्या कायद्याखाली भरडल्या गेलेल्या समाजांत, कैकाडीही आहेत.

हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. गोंदणारी दारात येई तेव्हा घरातील लेकीसुना अंगणात जमत. काजळीत वनस्पतीचा रस कालवून ती सुयांच्या टोकाने ठिपका ठिपका उमटवी, कळवळणाऱ्या पोरीला गाण्यात गुंतवी, वर हळद लावी आणि सुपातील जोंधळे घेऊन पुढच्या गावी जाई. हजारो घरांतील सौभाग्यलेणे तिच्या हातचे होते. एके दिवशी सरकारने तिच्या साऱ्या समाजाचे नाव गुन्हेगारांच्या वहीत चढविले. ती भटकी म्हणून संशयित ठरली आणि तिच्या सुईची खूणही हळूहळू मागासपणाची, अडाणीपणाची मानली जाऊ लागली. परक्या राज्यकर्त्याने वही केली, हे खरे. पण तो गेल्यावरही ती वही आपण मनात जपून ठेवली, हेही तितकेच खरे. कायदा रद्द होऊन ७० वर्षे उलटली तरी वस्तीजवळ चोरी झाली की पहिला संशय कोणाच्या पालावर जातो, हे इथे बसलेल्यांना सांगावयास नको.

ज्यांनी नाम अंगावर घेतले

समाजाने पुसू पाहिलेली माणसे गोंदणातून काय बोलतात, याचे सर्वांत थोर उदाहरण छत्तीसगडात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील परशुराम यांच्यापासून रामनामी पंथ उदयास आला. देवळाची दारे ज्यांना बंद होती, त्यांनी रामनाम कपाळावर, गालांवर, सर्वांगावर गोंदवून घेतले. देऊळ बंद करता येते. अंगावर गोंदलेल्या नामाला कुलूप कोण घालणार? आज असे पूर्णांग गोंदवून घेतलेले रामनामी फार थोडे आणि वृद्ध उरले आहेत. शिक्षण आणि नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या पुढील पिढीला चेहऱ्यावर नाम घेऊन वावरणे कठीण वाटते. ज्या अपमानाला आजोबांनी रामनामाने उत्तर दिले, तो अपमान वेगळ्या वेषात नातवापुढे उभा राहिला आहे. हा दोष नातवाचा नव्हे.

नियम कोणता, पूर्वग्रह कोणता

येथे एक विवेक राखला पाहिजे. गोंदणाविषयीचे प्रत्येक बंधन म्हणजे अन्याय नव्हे. भारतीय लष्करात हाताच्या आतील बाजूस, कोपरापासून मनगटापर्यंत, तसेच पंज्याच्या मागील बाजूस कायमचे गोंदण चालते. शरीरावर अन्यत्र चालत नाही. परंपरेने गोंदवून घेणाऱ्या जनजातींतील उमेदवारांना सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत डावा हात मान्य केला आहे, कारण सलामी उजव्या हाताने दिली जाते. या दलांत आकारालाही मर्यादा आहे. गणवेशाला शिस्त असते आणि ती आपण सर्वांनी मानली पाहिजे. म्हणून भरतीची स्वप्ने पाहणाऱ्या मुलाला हे नियम सोळाव्या वर्षीच सांगितले पाहिजेत. जत्रेत विजेच्या यंत्रावर पाच मिनिटांत उमटलेले नाव नंतर लेसरने काढावयाचे तर अनेक बैठका लागतात, खर्च मोठा येतो आणि व्रण राहू शकतो तो वेगळाच.

आरोग्याचा प्रश्नही खरा आहे. एकच सुई अनेकांना वापरली गेली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. याच कारणास्तव गोंदवून घेतल्यानंतर १२ महिने रक्तदान करू दिले जात नाही. रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांना हे ठाऊक आहे. पण तेथेही शब्द जपून वापरावे लागतात. ‘अमुक तारखेनंतर अवश्य या’ असे सांगितले तर तो तरुण पुढच्या वर्षी येतो. ‘टॅटूवाल्यांचे रक्त चालत नाही’ असे चारचौघांत ऐकविले तर तो कायमचा जातो.

नियमाला कारण असते, मर्यादा असते आणि तो सर्वांना सारखा असतो. पूर्वग्रहाचे तसे नसते. मोठ्या शहरातील वातानुकूलित दुकानात हजारो रुपये मोजून नामवंत खेळाडूसारखे दंडभर चित्र काढून घेतले की ती आवड ठरते. रोजंदारीवर जाणाऱ्या पोराने जत्रेत आईचे नाव गोंदवले की तो टपोरी ठरतो, आणि पालावरच्या आजीची हनुवटी गोंदलेली असली की ती अडाणी ठरते. शाई तीच, सुई तीच; निवाडा मात्र तीन प्रकारचा. याचा अर्थ निवाडा गोंदणाचा होतच नाही. माणसाची ऐपत, त्याची जात, त्याची वस्ती यांविषयी जे उघड बोलण्याची लाज वाटते, ते आपण गोंदणाच्या निमित्ताने बोलतो. समरसतेच्या गोष्टी व्यासपीठावरून सांगणाऱ्या समाजाची खरी परीक्षा अशा लहान ठिकाणी होते.

जपान हा शिस्तीसाठी नावाजलेला देश. तेथे १८७२ मध्ये गोंदणावर बंदी आली आणि १९४८ मध्ये ती उठली. तरीही तेथील अनेक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदण असलेल्यांना आजही प्रवेश मिळत नाही, कारण ती खूण गुंडांच्या टोळ्यांशी जोडली गेली आहे. कायदा एका दिवसात उठतो, मनातील संशय उठायला पिढ्या लागतात. आपल्याला तेवढा काळ घालविण्याचे कारण नाही, कारण आपल्या घराघरांत गोंदणाची जिवंत आठवण अजून आहे.

तेव्हा करावयाचे ते फार अवघड नाही. घरात गोंदवलेली आजी वा पणजी असेल तर तिच्या खुणांचा अर्थ तिच्याजवळ बसून मुलांनी विचारावा. कोणी गोंदले, कोणत्या वयात, कोणती गाणी म्हटली, हे लिहून ठेवावे. अशा आज्या आता फार दिवस असणार नाहीत. शाळेत भटक्या समाजातील मुलगी हनुवटीवरील ठिपका ओढणीने झाकत असेल, तर शिक्षकांनी तो ठिपका वर्गात सांस्कृतिक वारसा म्हणून समजावून द्यावा. मुलाखत घेणाऱ्याने हातापेक्षा हाताच्या कामाकडे पाहावे. स्थळ पाहताना मुलाच्या दंडावरील चित्रापेक्षा त्याचे वागणे, त्याची मिळकत, त्याचे व्यसन वा निर्व्यसनीपण विचारावे. आणि वस्तीवर संपर्कासाठी जाणाऱ्या कार्यकर्त्याने गोंदलेला हात पुढे आला की तो निःसंकोच हातात घ्यावा.

सोलापूरच्या त्या तरुणाला आपल्या श्रद्धेची खूण घेऊन उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. दरवर्षी भरतीच्या मैदानावर, नोकरीच्या रांगेत आणि सोयरिकीच्या बैठकीत त्याच्यासारखे कितीतरी जण उभे असतात. त्या सर्वांना न्यायालय गाठणे शक्य नाही. त्यांचा निवाडा आपल्याच हाती आहे, आणि तो माणूस पाहून व्हावा, एवढीच अपेक्षा.