आवाजाची पट्टी

माणसाची पारख तो काय बोलतो यावरून करावी, असे सारेच म्हणतात. प्रत्यक्षात ती पुष्कळदा तो किती मोठ्याने बोलतो यावरून होते. मोठ्याने बोलणारा उद्धट ठरतो, हळू बोलणारा आतल्या गाठीचा. या निवाड्यांत न्याय किती, हे काशीच्या शिंदे घाटावर चांगले उमगते.

ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधविला. दगडांच्या भाराने तो खचला. पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही कललेले उभे आहे. येथे पायरीवर बसलेला जपकर्ता केवळ ओठ हलवितो, आणि चार पावलांवरचा नावाडी प्रवाहातील सोबत्याला खड्या आवाजात हाक घालतो. एक सुसंस्कृत, दुसरा रांगडा, असे म्हणण्याची घाई होते. परंतु नावाड्याला अंतर कापावयाचे असते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. गलबल्यात तर माणूस नकळतच आवाज चढवितो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखविले. मनुस्मृतीने उच्चारलेल्या जपाहून ओठांतला आणि त्याहून मनातला जप श्रेष्ठ मानला आहे. पण तोच जपकर्ता वेद म्हणू लागला की खुला स्वर लावतो.

आवाजाला गरजेबरोबर अर्थही असतो. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ च्या आपल्या ग्रंथात तो उलगडला आहे. अमेरिकन माणूस चारचौघांत मोकळ्या आवाजात बोलतो, कारण लपविण्यासारखे काही नाही असे त्याला वाटते. इंग्रज समोरच्याच्या कानापुरताच आवाज टाकतो, कारण इतरांना उपद्रव नको. मग पहिला दुसऱ्याला आगाऊ वाटतो, दुसरा पहिल्याला कारस्थानी.

हा गैरसमज शोकाच्या वेळी अधिक बोचतो. महाराष्ट्राच्या खेड्यांत मृताला नात्याने साद घालीत बायका हेल काढून रडतात. त्या आवाजाने गाव गोळा होते. याज्ञवल्क्यस्मृती मात्र सांगते की, आप्तांचे अश्रू प्रेताला भोगावे लागतात, म्हणून रडू नये, क्रिया कराव्यात. शिंदे घाटाशेजारच्या मणिकर्णिकेवर याच विचाराचा पगडा आहे. ‘राम नाम सत्य है’ हा घोष उच्च स्वरात होतो. चितेपाशी आक्रोश मात्र आवरला जातो. दुरून आलेल्या आप्ताचा हंबरडा तेथे अज्ञान समजला जावा, आणि कोरड्या डोळ्यांनी उभा असलेला काशीकर त्या आप्ताला पाषाणहृदयी वाटावा, हे अगदी शक्य आहे. दुःखात उणेअधिक काही नसते. ते सांगण्याची पट्टी तेवढी निराळी.

रानात हाका घालून ज्याचा गळा तयार झाला, तो शेतकरी कचेरीत बोलू लागला की ‘ओरडू नका’ असे त्याला बजावले जाते. तो गप्प होतो, आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकावयाचे राहून जाते. आवाज कानाला खुपला, तर बोलणारा किती अंतरावरून बोलत आला आहे, एवढा विचार ऐकणाऱ्याने आधी करावा.