आधी वस्तीला ऐकवा

(आमच्या पॉडकास्टवर झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मला दिलेला विषय आहे, 'विद्यार्थ्याची कला आणि समाजाचं उत्थान'. उत्थान हा शब्द आमच्या वस्तीत कुणी वापरत नाही. तिथं सरळ विचारतात, "याचा उपयोग काय गं?" मला हा प्रश्न जास्त आवडतो, म्हणून त्याच्याच अंगानं बोलते.

मी करमाळा तालुक्यातली, वडार समाजातली. सध्या सोलापुरात जनसंवाद विषयात एम.ए. करते. आमच्या तालुक्यातल्या दोन माणसांबद्दल आधी सांगते, कारण दोघांनीही विद्यार्थी असतानाच एक मोठं काम केलं.

पहिले डॉ. किशोर शांताबाई काळे. 'कोल्हाट्याचं पोर' हे त्यांचं आत्मकथन 1994 मध्ये आलं. ते त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेत असताना लिहिलं. आई तमाशात नाचणारी, बापाचं नाव लावायला नाही. शाळेत नाव विचारलं की पोराची मान खाली. या माणसानं काय केलं, तर पुस्तकावर आईचंच नाव लावलं, शांताबाई. जे लपवायचं ते मुखपृष्ठावर छापलं. महाराष्ट्र सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक केलं. हा निर्णय त्या पुस्तकामुळे झाला असा माझा दावा नाही. पण तीस वर्षं आधी एका विद्यार्थ्यानं कुणाची परवानगी न घेता ते करून ठेवलं होतं, एवढं नक्की. 2007 मध्ये ते अपघातात गेले. पुस्तक आहे.

दुसरे नागराज मंजुळे. जेऊरचे. 'फँड्री' आणि 'सैराट' सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याआधीचा 'पिस्तुल्या' हा लघुपट त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केला. ज्याच्या वाट्याला शाळा येत नाही, पण शाळेची ओढ सुटत नाही, अशा पोराची ती गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला पुरस्कारापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पिस्तुल्या झालेला सूरज पवार पुढे 'फँड्री'तही आहे आणि 'सैराट'मध्येही. 'फँड्री'चा जब्या, सोमनाथ अवघडे, आमच्याच तालुक्यातल्या केम गावचा, हलगी वाजवणारा पोरगा. म्हणजे ज्यांची गोष्ट, तेच पडद्यावर. बाहेरून गोरागोमटा मुलगा आणून त्याला काळा रंग फासला नाही.

आता माझं. तुलना करत नाही, माझं काम अगदी छोटं आहे. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला ध्वनी-माहितीपट करायचा होता. मी ठरवलं, आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं. त्यांनी आयुष्यभर दगड फोडला, विहिरी खोदल्या, तलावांवर माती उचलली. बायका गावोगाव हाळी देत फिरायच्या आणि जात्याला, पाट्याला टाकी लावून द्यायच्या. पुढं गिरणी आली, मिक्सर आला, खडीला क्रशर आला. हे काम केलेली माणसं आता थोडी उरलीत. आणि ती आपसात बोलतात ती आमची वडारी, तेलुगूच्या वळणाची. माझ्या धाकट्या भावंडांना ती समजते, बोलता येत नाही.

फोन घेऊन मी एका आजोबांकडे गेले. वस्तीत सगळे त्यांना तात्या म्हणतात. तात्यांनी फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, आमचं रडगाणं तू शहरातल्या लोकांना ऐकवणार. तुला मार्क मिळणार. आम्हाला काय?"

हा प्रश्न कुणाही शिकणाऱ्या पोराला टाळता येत नाही. आपण आपल्या माणसांवर कविता करतो, त्यांचे फोटो काढतो, त्यांच्यावर एकांकिका बसवतो. टाळ्या कुठं पडतात? स्पर्धेत. ढाल कुणाच्या कपाटात जाते? आपल्या. ज्यांची गोष्ट असते त्यांना बऱ्याचदा कळतही नाही की आपली गोष्ट कुठंतरी सांगून झाली.

तात्यांनी अट घातली. "जे काही करशील ते आधी इथं ऐकव. ज्याला जे नको असेल ते काढायचं. मग कुठं न्यायचं तिकडं ने." मी मान्य केली.

मग दर रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात बसायला लागलो. मंडपवाल्याकडून स्पीकर आणायचा, जेवढं रेकॉर्ड झालं तेवढं लावायचं. पहिल्या रविवारी दहा-बारा माणसं होती, त्यातली निम्मी लहान पोरं. नंतर बायका काम उरकून यायला लागल्या. कुणी मध्येच म्हणायचं, "थांब थांब, असं नव्हतं ते." आणि खरी हकीकत सुरू व्हायची. ती परत रेकॉर्ड करायची. एका आजीनं स्वतःचं एक वाक्य काढायला लावलं. त्या वाक्यानं वर्गात सगळे गप्प झाले असते. पण तिच्या सुनेला ते लागलं असतं. काढलं.

आता जे घडलं ते नीट ऐका. एका रविवारी तात्यांचं रेकॉर्डिंग चालू होतं. एका तलावाच्या कामावर ते लहानपणी आईबापासोबत होते. बोलता बोलता म्हणाले, "थोरला भाऊ तिथल्या शाळेत एक पावसाळा बसला. काम संपलं, शाळा सुटली." गावाचं नावही घेतलं. हे ऐकायला त्या थोरल्या भावाचा मुलगा बसला होता. आपला बाप शाळेत गेला होता, हे त्याला तोवर माहीतच नव्हतं.

यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. वडार ही महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये येते. जातीचा दाखला आणि पडताळणी यासाठी आमच्याकडे 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख धरतात. तेव्हा किंवा त्याआधी घराणं महाराष्ट्रात होतं, याचा कागद लागतो. जमीन नाही, घर नाही, जन्माची नोंद नाही, आज या गावाला तर उद्या त्या. कागद आणायचा कुठून? या माणसाच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश नेमका त्यापायी अडला होता. एका कार्यालयात त्यांना चार खेपा मारायला लावल्या होत्या.

बापलेक त्या गावी गेले. मुख्याध्यापकांनी जुनी जनरल रजिस्टरं काढून दिली. दोन दिवस शोधल्यावर नाव सापडलं. जातीच्या रकान्यात 'वडर' लिहिलेलं, काना नसलेलं. पण साल 1961 च्या आधीचं. निर्गम उतारा मिळाला, अर्जाला जोडला, पुढं चौकशी झाली, काही महिन्यांनी दाखला हातात आला. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे.

हेच रेकॉर्डिंग मी फक्त वर्गात लावलं असतं तर? 'एक पावसाळा शाळेत बसला' हे वाक्य सगळ्यांना काव्यमय वाटलं असतं. त्यात एक पुरावा आहे, हे ओळखणारा माणूस वर्गात नव्हता. तो समाजमंदिरात सतरंजीवर बसला होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. काळेंनी आईचं नाव लावलं, मंजुळेंनी आपल्याकडची पोरं पडद्यावर आणली. आपण निदान पहिला प्रयोग आपल्या माणसांसमोर करूया. त्यांना पटलं नाही तर बदलूया. हे वेळखाऊ आहे. माझा माहितीपट उशिरा जमा झाला, मार्कही कापले गेले. चालतंय.

ऐकणाऱ्यांमध्ये विद्यार्थी असतील त्यांच्यासाठी थोडं कामाचं. फोन पुरतो, वेगळा माईक नसला तरी चालतो, फक्त पंखा बंद करा आणि फोन माणसाच्या जवळ ठेवा. घरात जी भाषा बोलतात त्याच भाषेत बोलू द्या, मराठी अर्थ नंतर लिहून घ्या. गावांची नावं, कामाची ठिकाणं, मुकादमाचं नाव, शाळा, जत्रा, दुष्काळ, हे सगळं विचारा. साल आठवत नसेल तर 'तेव्हा कोण जन्मलं होतं' असं विचारा, हिशेब लागतो. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत त्या घरात ठेवूनच बाहेर पडा.

आमच्याकडे आत्तापर्यंत सव्वीस जणांचं बोलणं जमा झालंय. त्यातले तिघं आता नाहीत. त्यांच्या घरी पेन ड्राईव्ह आहे, नातवंडं लावून ऐकतात. अजून नऊ घरं बाकी आहेत, त्यातले दोघं आजारी आहेत. त्यामुळे रविवारी मला गावी जायचंय.