ताडपत्रीची शिवण

मंडळी, मोखाड्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. मागल्या साली आमचं नागलीचं बी ताडपत्रीखाली भिजलं. पेरणीला उसनं आणावं लागलं. ताडपत्री उजेडाला धरली, तर कापड धड! शिवणीच्या भोकांतून मात्र उजेड दिसला. पाणी तिथूनच शिरलं.

मग काय करावं? दोरा कुजला असेल तर दाम मोजून शिवून घ्यावी; जाड कापडाला घरची सुई पुरत नाही. दोरा पक्का असेल तर पैसे कशाला? कापडी ताडपत्री उन्हात खडखडीत वाळवावी. कापड तापलं की पोळ्याचं मेण शिवणीवर बाहेरून दाबून घासावं. मेण जाळावर तापवू नये, पेट घेतं. प्लॅस्टिकच्या कागदाला मात्र मेण नीट धरत नाही.

मग वरून तांब्याभर पाणी ओतलं. आम्ही खाली बसून पाहिलं. एका टोकाला थेंब आला. तिथं पुन्हा घासलं.